पहिली हाफ मॅरेथॉन: १४ आठवड्यांची तयारी आणि शर्यतीचा दिवस

हाफ मॅरेथॉनचं अंतर २१.०९७५ किलोमीटर. पहिल्यांदा तयारी करणाऱ्यांची गडबड बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते. तीन-चार आठवडे धावलं की दम वाढतो, पाच किलोमीटर हातचा मळ वाटू लागतात, आणि मग अंतर आणि वेग दोन्ही एकदम वाढवले जातात. पण सगळं शरीर एका चालीने तयार होत नाही. हृदय, फुप्फुसं आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर) आणि हाडं मजबूत व्हायला महिने लागतात. दम म्हणतो ‘चल’, नडगी म्हणते ‘थांब’, आणि सातव्या-आठव्या आठवड्यात नडगीचंच ऐकावं लागतं. खालच्या टप्प्यांचा क्रम ही तफावत डोळ्यांसमोर ठेवून लावला आहे, म्हणून तो उलटसुलट करू नका.

टप्पा १: नाव नोंदवण्याआधी

१४ आठवड्यांचा आराखडा शून्यापासून सुरू होत नाही. गेले चार आठवडे तुम्ही आठवड्यातून तीनदा धावत असाल आणि त्यातलं एक धावणं न थांबता ५ किलोमीटरचं असेल, तर सुरुवात करा. तसं नसेल तर आधी सहा ते आठ आठवडे पाया घाला: १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं, असं अर्धा तास, आठवड्यातून तीनदा, दर आठवड्याला धावण्याचा वाटा थोडा वाढवा.

छातीत दुखणं, चक्कर, थोड्या श्रमाने लागणारी धाप, मधुमेह, उच्च रक्तदाब, किंवा घरात कुणाचा कमी वयात हृदयविकाराने मृत्यू झालेला असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. चाळिशी उलटली असेल आणि बरीच वर्षं व्यायाम नसेल तरीही.

पहिली शर्यत निवडताना तीन गोष्टी पाहा: मार्ग शक्यतो सपाट, हवा थंड, आणि कट-ऑफ, म्हणजे शर्यत पूर्ण करायची कमाल वेळ, किती. तीन तासांचा कट-ऑफ म्हणजे किलोमीटरला सरासरी ८ मिनिटं ३२ सेकंद. त्यात बसण्याची खात्री नसेल तर जास्त वेळ देणारी शर्यत निवडा.

टप्पा २: बूट आणि कपडे

बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात आणि लांब धावताना आणखी फुगतात. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. म्हणून धावण्याचे बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे लागतात. दुकानात दहा-वीस पावलं धावून पाहा. जिथे टोचतं तिथे ‘वापरून सैल होईल’ या आशेवर राहू नका. नखं काळी पडतात ती बहुधा बूट आखूड असल्यामुळे किंवा नाडी सैल राहून पाय पुढे घसरल्यामुळे.

एक जोडी साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालते. आत्ताची जोडी त्या हद्दीत शिरली असेल तर शर्यतीच्या आधी सहा आठवडे नवी घ्या. आदल्या आठवड्यात घेतलेले नवेकोरे बूट शर्यतीत घालणं म्हणजे फोडांना आमंत्रण.

मोजे आणि बनियन सुती नकोत. घामाने भिजलेलं सूत कातडीला घासतं, आणि हे घासणं १० किलोमीटरपर्यंत कळतही नाही. काखा, मांड्यांची आतली बाजू, पुरुषांना स्तनाग्रं आणि स्त्रियांना स्पोर्ट्‌स ब्राच्या पट्ट्याखालची जागा, इथे पेट्रोलियम जेली लावायची सवय पहिल्या लांब धावण्यापासूनच करा.

टप्पा ३: सावकाश धावायला शिका

हा टप्पा सर्वांत सोपा वाटतो आणि सर्वांत जास्त लोक इथेच चुकतात. धाप लागली नाही तर व्यायाम झालाच नाही, अशी पक्की समजूत असते. मग रोजचं धावणं ना सावकाश ना जोरात अशा मधल्याच वेगात होतं. त्यात थकवा जोरात धावल्याइतका येतो, पण जोरात धावल्याचा फायदा मिळत नाही, आणि रविवारच्या लांब धावण्याला पाय जड झालेले असतात.

आठवड्यातलं सुमारे ८० टक्के धावणं गप्पा मारता येतील अशा वेगात हवं. कसोटी साधी आहे: सोबत्याशी दोन-तीन पूर्ण वाक्यं मध्ये श्वास न तोडता बोलता आली पाहिजेत. एकेक शब्द तुटक निघत असेल तर वेग कमी करा, चढावर चाला. हा वेग शर्यतीच्या वेगापेक्षा किलोमीटरला ६० ते ९० सेकंदांनी मंद असतो. सुरुवातीला लाज वाटण्याइतका मंद वाटेल, तेच बरोबर आहे.

मनगटावरच्या घड्याळातल्या हृदयगतीवर आंधळा विश्वास नको. ‘२२० वजा वय’ हे सूत्र ढोबळ आहे. खरी कमाल गती त्यापेक्षा दहा-बारा ठोक्यांनी सहज वर-खाली असू शकते. शिवाय मनगटावरचा सेन्सर कधी कधी ठोक्यांऐवजी पावलांचा ताल मोजू लागतो. आरामात धावताना अचानक १६५-१७० आकडा दिसला आणि तुम्ही मजेत बोलू शकत असाल, तर पट्टा घट्ट करा आणि पुढे चला.

सलग धावणं जमत नसेल तर ४ मिनिटं धावणं, १ मिनिट चालणं ही पद्धत पूर्ण शर्यतभर वापरता येते. जेफ गॅलोवे या अमेरिकी ऑलिंपिक धावपटूने ती रुजवली. फक्त चालणं पहिल्या पाच मिनिटांपासूनच सुरू करायचं. पाय थकल्यावर चालायला लागणं ही वेगळी गोष्ट, तिला पद्धत म्हणत नाहीत.

*तपासणी:* सावकाश धावून आल्यावर आणखी दोन-तीन किलोमीटर जमले असते असं वाटायला हवं. तसं वाटत नसेल तर तुम्ही जोरात धावलात.

टप्पा ४: १४ आठवड्यांचा आराखडा

आठवड्यात चार दिवस धावायचं. वार सोयीने बदला, पण दोन कठीण दिवस लागोपाठ येऊ देऊ नका.

- मंगळवार: सावकाश, ५ किलोमीटरपासून वाढवत ८ पर्यंत.
- गुरुवार: पहिले चार आठवडे सावकाश ५ किलोमीटर, नंतर टप्पा ५ मधलं वेगाचं काम.
- शनिवार: अगदी हलकं, ३ ते ४ किलोमीटर. पाय थकले असतील तर हेच पहिलं गाळा.
- रविवार: लांब धावणं.

रविवारची अंतरं, किलोमीटरमध्ये:

- आठवडा १ ते ४: ७, ८, १०, ७
- आठवडा ५ ते ८: ११, १२, १४, १०
- आठवडा ९ ते ११: १५, १६, १२
- आठवडा १२: १८
- आठवडा १३: ११
- आठवडा १४: शर्यत

चौथा, आठवा आणि अकरावा आठवडा मुद्दाम हलका आहे. नेमकं याच वेळी अंगात उत्साह असतो आणि ‘७ च काय, १२ होतील’ असं वाटतं. ते होतीलही, पण हाडं आणि कंडरा मागची कसर भरून काढतात ती याच आठवड्यांत.

सरावात २१ किलोमीटर धावायची गरज नाही. १८ झालेला माणूस, सुरुवातीला आवरून धावला तर, शर्यतीत पुढचे तीन काढतो. वेग मंद असेल आणि १८ ला तीन तासांहून जास्त लागणार असतील, तर तीन तासांवर थांबा, अंतर कितीही होवो. त्यापुढे फायदा थोडा आणि झीज जास्त.

*आठवडे चुकले तर:* एक आठवडा गेला तर शेवटचं केलेलं लांब अंतर पुन्हा करा आणि पुढे चला. दोन गेले तर आराखड्यात दोन आठवडे मागे या. तीन किंवा जास्त गेले तर पुढची शर्यत धरा. बुडालेली धाव दुसऱ्या दिवशी जोडून काढायची नाही. इथे उधारी व्याजासकट वसूल होते.

टप्पा ५: वेगाचं काम, तेही मोजकं

पहिल्या चार आठवड्यांत फक्त सावकाश धावणं संपल्यावर २० सेकंदांच्या चार-पाच मोकळ्या धावा. पळत सुटायचं नाही; खांदे सैल, पावलं जलद, मध्ये मिनिटभर चालणं.

पाचव्या आठवड्यापासून गुरुवारी टेंपो, म्हणजे मध्ये ठरावीक वेळ दमदार धावणं. १५ मिनिटं सावकाश, मग १० मिनिटं दमदार, ३ मिनिटं हलकं, पुन्हा १० मिनिटं दमदार, शेवटी १० मिनिटं सावकाश. दमदार म्हणजे तीन-चार शब्द बोलता येतील, वाक्य नाही. दहाव्या आठवड्यापर्यंत ३ वेळा १० मिनिटं इथवर जा; त्यापुढे नको. हलक्या आठवड्यांत एकच १० मिनिटांचा तुकडा. दहाव्या आठवड्याच्या १६ किलोमीटरमधले शेवटचे ३ शर्यतीच्या अंदाजी वेगात धावून पाहा.

मंगळवारी आणि गुरुवारी, धावल्यानंतर किंवा संध्याकाळी, २० मिनिटं ताकदीचा व्यायाम: उठाबशा, एका पायावर टाच उचलणं (प्रत्येकी १२-१५, दोन फेऱ्या), पाठीवर झोपून कंबर उचलणं, प्लँक. तो धावण्याच्या दिवशीच करा म्हणजे विश्रांतीचा दिवस विश्रांतीचाच राहील. शर्यतीच्या आधी दहा दिवस बंद.

थांबण्याची खूण

दोन्ही पायांत सारखं, पसरलेलं, धावायला लागल्यावर कमी होणारं दुखणं हा सरावाचा भाग आहे. एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल असं आणि धावताना वाढत जाणारं दुखणं हा इशारा आहे.

- लंगडत धावावं लागत असेल तर त्याच क्षणी थांबा आणि चालत घरी या.
- नडगीच्या हाडावर एकाच बिंदूत दुखतं, एका पायावर उडी मारली की कळ येते, रात्री झोपेतही ठणकतं: हाडाला सूक्ष्म तडा असण्याची शक्यता आहे. धावणं बंद, डॉक्टर.
- ताप, छातीत कफ, अंगदुखी, जुलाब असताना धावायचं नाही. फक्त नाक वाहत असेल तर हलकं धावायला हरकत नाही.
- आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं घेऊन धावू नका. इशारा दबतो, आणि घामाने पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडांवर ताण येतो.

टप्पा ६: पाणी आणि इंधनाची रंगीत तालीम

ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली कर्बोदकं, यांचा साठा दमदार धावण्याला साधारण दीड ते दोन तास पुरतो. पहिली हाफ मॅरेथॉन बहुतेकांची दोन ते तीन तासांची असते, म्हणजे साठा संपायची वेळ नेमकी १५ ते १८ किलोमीटरच्या आसपास येते. तिथे पाय अचानक शिशाचे होतात, आणि लोक समजतात सराव कमी पडला.

धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्या. एका एनर्जी जेलमध्ये (धावताना पाकिटातून चोखायचं दाट, गोड द्रावण) बहुधा २० ते २५ ग्रॅम असतात. पाकिटावर आकडा वाचा. पहिलं ४० मिनिटांनी, मग दर ३५-४० मिनिटांनी. भूक लागेपर्यंत थांबायचं नाही, कारण पोटातून स्नायूंपर्यंत पोचायला वेळ लागतो. जेलसोबत साधं पाणी. जेल आणि गोड स्पोर्ट्‌स ड्रिंक एकत्र घेतलं की पोटातलं द्रावण फार दाट होतं, मळमळतं आणि कळा येतात. पोटालाही सराव लागतो, म्हणून पाचव्या आठवड्याच्या ११ किलोमीटरपासूनच सुरू करा.

पाणी किती हे दुसऱ्याला विचारू नका, मोजा. तासभर धावण्याआधी आणि नंतर अंग कोरडं करून, कपड्यांशिवाय वजन करा. घटलेले किलो अधिक प्यायलेले लिटर, म्हणजे तासाचा घाम. ७०० ग्रॅम घटलं आणि २०० मिलिलिटर प्यायलात, तर घाम ९०० मिलिलिटर. सगळा भरून काढायचा नसतो, तहानेनुसार प्या.

*सावधान:* धावून आल्यावर वजन वाढलं असेल तर तुम्ही जास्त पाणी पीत आहात. रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. मळमळ, डोकेदुखी, फुगलेली बोटं आणि गोंधळलेलं बोलणं दिसलं तर आणखी पाणी पाजू नका, वैद्यकीय मदत घ्या.

बाराव्या आठवड्याचे १८ किलोमीटर ही पूर्ण तालीम: तीच सुरुवातीची वेळ, तोच नाश्ता, तेच बूट, मोजे, कपडे, तेवढीच जेल. जे इथे त्रास देतं ते शर्यतीत दुप्पट देतं.

टप्पा ७: वेग ठरवणं आणि टेपर

अकराव्या रविवारी १२ किलोमीटरमधले पहिले २ सावकाश आणि पुढचे १० जमेल तितक्या जोरात, घड्याळ लावून धावा. त्या वेळेला २.२ ने गुणा आणि पहिलीच शर्यत म्हणून ५ मिनिटं वाढवा. १० किलोमीटरला ६६ मिनिटं लागली तर १४५ अधिक ५, म्हणजे अडीच तास. गरम किंवा दमट हवेत आणखी वाढवा; तिथे आकड्यावर अडून बसलात तर हवाच जिंकते.

एकूण वेळ आणि किलोमीटरचा वेग:

- २ तास: ५:४१
- २ तास १५ मिनिटं: ६:२४
- २ तास ३० मिनिटं: ७:०७
- २ तास ४५ मिनिटं: ७:४९
- ३ तास: ८:३२

मार्ग सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेला असतो. गर्दीत वळणं बाहेरून घेत तुम्ही दोनशे-तीनशे मीटर जास्त धावता. घड्याळात २१.३ दिसले तर आयोजकांशी भांडू नका. अडीच तासांसाठी घड्याळावर ७:०७ ऐवजी ७:०२ धरा आणि वळणं आतून कापा.

१८ किलोमीटर झाल्यावरचे दोन आठवडे टेपरचे, म्हणजे सराव उतरता ठेवण्याचे. तेराव्या आठवड्यात एकूण अंतर साधारण दोन तृतीयांश, शेवटच्या आठवड्यात एक तृतीयांश (शर्यत सोडून). धावण्याचे दिवस फार कमी करू नका, प्रत्येक दिवसाचं अंतर कमी करा. टेपरमध्ये गुडघा उगाच दुखल्यासारखा वाटतो, पाय जड होतात, आणि ‘एकदा २० करून बघू’ अशी हुक्की येते. या दोन आठवड्यांत तंदुरुस्ती वाढत नाही, फक्त थकवा उतरतो. ती हुक्की पुरवलीत तर तोही उतरणार नाही.

शेवटचे दोन दिवस भात, ब्रेड, बटाटा असे पदार्थ जास्त आणि तेलकट, चोथ्याचे पदार्थ कमी. आदल्या रात्री पोट फुटेस्तोवर जेवायचं नाही. त्या रात्री झोप नीट लागली नाही तरी चिंता नको. त्याच्याही आदल्या रात्रीची झोप जास्त महत्त्वाची, ती भरपूर घ्या. नखं तीन-चार दिवस आधीच कापा. बिब (शर्यतीच्या नंबराचा कागद) चार पिनांनी छातीवर लावून ठेवा, कारण वेळ मोजणारी चिप बहुधा त्यालाच असते आणि चुरगळली तर नोंद चुकते.

टप्पा ८: शर्यत

नाश्ता अडीच-तीन तास आधी: वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते २ ग्रॅम कर्बोदकं, तालमीत पचलेलीच. मैदानावर तासभर आधी पोचा आणि आधी शौचालयाची रांग धरा. दहा मिनिटं भरभर चालणं आणि थोडं हलकं धावणं एवढा वॉर्म-अप पुरे.

तुमच्या वेगाच्या गटात, मागच्या बाजूला उभे राहा. चिपची वेळ तुम्ही सुरुवातीची रेषा ओलांडल्यावर सुरू होते; पुढे घुसून मिळत काहीच नाही.

१. ० ते ३ किलोमीटर: ठरलेल्या वेगापेक्षा १० ते १५ सेकंद मंद. सगळे पुढे जातील, जाऊ द्या. अति घाई संकटात नेई ही पाटी इथे लावायला हवी होती. ताजे पाय, गर्दी आणि ढोल-ताशांच्या भरात वेग किलोमीटरला अर्ध्या मिनिटाने वाढलेला कळत नाही, म्हणून पहिल्या किलोमीटरच्या खुणेपाशी घड्याळ बघाच.

२. ३ ते १५: ठरलेला वेग. चढावर वेग नाही, श्वास सारखा ठेवा. पाण्याच्या पहिल्या टेबलाशी झुंबड असते, शेवटचं टेबल धरा. पेला वरून चिमटून चोच करा, वीस पावलं चालत प्या. आधी मागे बघा, मग बाजूला व्हा.

३. १५ ते १८: इथे कंटाळा आणि थकवा एकदम येतात. पावलं आखूड करा, खांदे खाली सोडा, उरलेलं जेल घ्या. पोटरीत गोळा आला तर थांबून ताण द्या, मग मंद सुरू करा.

४. १८ ते शेवट: अजून दोन शब्द बोलता येत असतील तर वेग वाढवा. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये झेप घ्यायची गरज नाही.

छातीत दाब, चक्कर, अंगावर काटा किंवा घाम थांबल्यासारखा वाटला तर शर्यत तिथेच सोडा आणि जवळच्या स्वयंसेवकाला सांगा.

टप्पा ९: रेषा ओलांडल्यावर

एकदम थांबू किंवा बसू नका. पायांतलं रक्त वर चढायला वेळ लागतो आणि भोवळ येते. दहा मिनिटं चाला, कोरडे कपडे घाला, तासाभरात कर्बोदकं आणि प्रथिनं असलेलं काहीतरी खा. पाणी घोट घोट, सोबत खारट काहीतरी.

दुखणं पुढचे एक ते तीन दिवस सर्वांत जास्त जाणवतं. जिना उतरताना रेलिंग धरा. चार-पाच दिवस फक्त चालणं, सायकल किंवा पोहणं. मग २०-३० मिनिटं सावकाश धावून बघा. टेंपो आणि लांब धावणं दोन आठवडे नाही, दम कितीही ताजा वाटला तरी. नखाखाली रक्त साकळलं असेल पण दुखत नसेल तर फोडू नका. नवं नख खालून येईपर्यंत जुनं तसंच राहू द्या.